उशिरा रडलेल्या बाळाचे पोट

मूल जन्मास आले, की घरातील सर्वांचे कान त्याच्या पहिल्या रडण्याकडे लागतात. ते रडले म्हणजे संकट टळले, असा सार्वत्रिक समज आहे, आणि बहुतेक बाळांच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण जन्मताना गुदमरलेल्या, काही मिनिटांनी श्वास घेतलेल्या बाळाविषयी आम्हांस आज थोडे निराळे सांगावयाचे आहे. अशा बाळाच्या मेंदूची काळजी सर्वांनाच वाटते. त्याच्या पोटाची आठवण मात्र सहसा होत नाही.

प्राणवायू अपुरा पडू लागला म्हणजे शरीर दुष्काळातील कर्त्या गृहस्थाप्रमाणे वागते. आहे ते रक्त मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथी यांच्याकडे वळवते. आतडी, यकृत, मूत्रपिंडे व कातडी यांच्या वाट्यात कपात करते. या व्यवस्थेने जीव वाचतो, पण तिची झळ पोटास लागते.

आतड्याचे आतील अस्तर नाजूक असते. रक्त कमी पडले की ते दुखावते आणि जंतूंना अडवणारा बांध फुटतो. मग दूध पचत नाही, पोट फुगते, हिरवी उलटी होते, शौचात रक्त दिसते. क्वचित आतड्याचा काही भाग मृत होऊन त्यास भोक पडते, आणि शस्त्रक्रिया करावी लागते. हा रोग मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. तरी पूर्ण दिवसांचे बाळ गुदमरले असल्यास त्यालाही तो होऊ शकतो.

यकृताची इजा अधिक अबोल असते. दुखावलेल्या पेशींतील विकरे रक्तात उतरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तपासणीत ती वाढलेली आढळतात आणि बहुधा पुढील आठ-दहा दिवसांत खाली येतात. पण यकृत हे शरीराचे कोठारही आहे आणि कारखानाही. गुदमरण्याच्या काळात कोठारातील साखर खर्ची पडते. रक्तातील साखर घसरली, तर आधीच दुखावलेल्या मेंदूवर दुसरा घाव बसतो. कारखाना मंदावला, की रक्त गोठवणारी द्रव्ये कमी पडतात आणि सुई टोचल्या जागेतून रक्त वाहत राहते. औषधांचा निचराही सावकाश होतो. म्हणून झटक्यांवरील फेनोबार्बिटोन नेहमीच्या मात्रेतही अंगात साचू शकते.

म्हणूनच अशा बाळाची साखर वारंवार तपासतात, 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, आणि दूध थेंबाथेंबाने, शक्यतो आईचेच, पोटाकडे लक्ष ठेवून सुरू करतात. "बाळ उपाशी आहे हो!" ही आजीची तळमळ आम्ही जाणतो. परंतु या दिवसांत शिरेतून दिलेली साखर हेच त्याचे अन्न असते. मायेपोटी चाटवलेला मध किंवा घुटी दुखावलेल्या आतड्यास घातक ठरू शकते.

खरा उपाय अर्थात त्याही आधीचा आहे. जन्मल्यावर पहिल्या मिनिटात बाळास पुसून, ऊब देऊन, गरज पडल्यास पिशवी-मुखवट्याने श्वास देता आला, तर पुष्कळ इजा टळते. हे कौशल्य प्रसूती करणाऱ्या प्रत्येक हाताला यावे, यासाठी भारतात २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. प्रसूतीचे ठिकाण ठरवताना खोली किती मोठी, हे आपण विचारतो. बाळ रडले नाही तर श्वास कोण देईल, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.