दोन विमानांच्या मध्ये

मुंबईच्या सहार विमानतळावर रात्री अकराच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. ट्रॉलीवरील मोठी बॅग जमिनीवर उतरवलेली, तिची चेन उघडलेली आणि घरातील तीन पिढ्या तिच्याभोवती वाकलेल्या. खाखऱ्याचे डबे एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत जात असतात, धाकटा मुलगा हातातल्या काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचत असतो आणि आजी 'लोणच्याची बरणी तेवढी काढू नका' असे बजावत असतात. दुकानातील तराजूवर ग्रॅमचाही फरक पडू न देणारी मंडळी येथे दोन-तीन किलोंसाठी घामाघूम होतात. खरे तर वजनाची अडचण सर्वांत किरकोळ. ती पैसे भरून सुटते. पैसे भरूनही न सुटणाऱ्या अडचणी तिकीट काढतानाच जन्म घेतात आणि त्या मुंबईत नव्हे, तर वाटेतल्या परक्या विमानतळावर उघड होतात.

उदाहरणादाखल एक जोडपे कल्पावे. अहिल्यानगरकडील आडत दुकान मुलाच्या हाती सोपवून वडील नुकतेच मोकळे झालेले आणि अमेरिकेत न्यूअर्कजवळ राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आलेले. आईला बाळंतपणाआधी पोहोचायचे आहे. मुलाने रात्री बसून मोबाईलवर दर पाहिले. मुंबई ते फ्रँकफर्ट एका कंपनीचे आणि फ्रँकफर्ट ते न्यूअर्क दुसऱ्या कंपनीचे, अशी स्वतंत्र तिकिटे घेतली तर दोघांमागे वीस हजार वाचतात असे दिसले. मध्ये तीन तास होते. व्यापाऱ्याच्या नजरेला हा सौदा चोख वाटावा यात नवल नाही.

तोटा कोठे आहे तो पाहावा. तिकिटे वेगळी असली की बहुधा सामान फ्रँकफर्टपर्यंतच नोंदले जाते. ते पट्ट्यावरून उचलून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायचे, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून जर्मनीत पाऊल ठेवता येत नाही. ही गोष्ट मुंबईच्या काउंटरवरच लक्षात आली, तर जोडपे तेथूनच परत फिरते. समजा हातातल्या बॅगांवरच निघून ही अडचण टाळली, तरी पहिले विमान दोन तास उशिरा सुटले की दुसरी कंपनी त्यांची वाट पाहत नाही. तिच्या दृष्टीने हे प्रवासी आलेच नाहीत. आणि पहिल्या टप्प्याला प्रवासी गैरहजर राहिला की त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीच्या प्रवासासह, सहसा रद्द होतात. ऐन वेळी काढलेल्या नव्या तिकिटापुढे वाचलेल्या वीस हजारांची काय कथा! आणि लेकीच्या प्रसूतीची वेळ कोणत्याही कंपनीला पुढे ढकलता येत नाही.

हाच प्रवास एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकावर असेल, तर चित्र पालटते. सामान थेट न्यूअर्कपर्यंत नोंदले जाते आणि पहिले विमान लांबल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोन विमाने वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी चालते, तिकीट मात्र एक हवे. प्रत्येक विमानतळासाठी दोन विमानांमधील किमान अंतर ठरलेले असते व एका तिकिटावर त्याहून कमी अंतर विकले जात नाही. पण हे किमान अंतर चपळ पावलांच्या हिशेबाने ठरलेले असते. गुडघे दुखणाऱ्या साठीपुढच्या माणसांसाठी तीन तास असावेत. चार असले तरी वाया जात नाहीत.

अमेरिकेचा नियम वेगळा आहे आणि तो पुष्कळांना ऐनवेळी कळतो. त्या देशात ज्या शहरी प्रथम उतरावे तेथेच इमिग्रेशन होते, सामान पट्ट्यावरून स्वतः उचलावे लागते, कस्टम्समधून न्यावे लागते आणि पुढचे विमान असेल तर पुन्हा जमा करावे लागते. बॅगेवर अखेरच्या शहराची चिठ्ठी असली तरी यातून सुटका नाही. अबुधाबीत मात्र अमेरिकेचे अधिकारी ही तपासणी विमानात चढण्यापूर्वीच करतात, तेव्हा त्या मार्गाने जाणाऱ्यांनी जास्तीचा वेळ अबुधाबीत धरावा. कोणत्याही देशात केवळ विमान बदलण्यासाठी व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीवरून तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. हे नियम बदलत असतात. चुलत्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये.

एक चूक इतकी साधी आहे की सांगतानाही संकोच वाटावा. पण ती शिकलेल्या घरांतही घडते. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०:४० असेल, तर घरातून १४ तारखेच्या दुपारीच निघावे लागते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उजाडतो, विमान कंपनीचा मध्यरात्री. पंधराच्या रात्री हारतुरे घेऊन विमानतळावर पोहोचलेल्या कुटुंबाचे विमान आदल्याच रात्री गेलेले असते. तिकीट हाती येताच घरातील कॅलेंडरवर निघण्याचा वार व वेळ लिहून टाकावी आणि ती दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी.

आता सामान. बॅग जमा होताना काउंटरवरचा कर्मचारी हँडलला जी लांब चिठ्ठी लावतो, तिच्यावर तीन अक्षरांत मुक्कामाचे विमानतळ असते. न्यूअर्कसाठी ती अक्षरे ईडब्ल्यूआर अशी आहेत. वाटेतल्या विमानतळाची दिसली तर तेथेच विचारावे. तिचा जो छोटा तुकडा प्रवाशाला मिळतो ती सामानाची पावती होय, आणि पावतीचे मोल व्यापारी घरांना सांगण्याची गरज नाही. बॅगेच्या आतही एका कागदावर नाव व मुक्कामाचा फोन नंबर लिहून ठेवावा, कारण बाहेरची चिठ्ठी फाटू शकते. बॅगांचे मोबाईलवर फोटो काढावेत. काळ्या रंगाच्या शेकडो बॅगांत 'आमची काळी होती' या वर्णनाचा काही उपयोग नसतो. एकूण वजनाची मुभा कितीही असली, तरी एक नग ३२ किलोंपेक्षा जड असला तर तो बहुतेक ठिकाणी स्वीकारला जात नाही.

औषधे, चष्मा, कागदपत्रे, दागिने आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग दोन दिवस उशिरा आली, तर खरा धोका असतो. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी व तीवर औषधाचे मूळ नाव असावे. भारतातील ब्रँडचे नाव परदेशी केमिस्टला कळत नाही. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या बॅगेतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास भरते, म्हणजे ती बसते. पूजेच्या साहित्यातील कापूर आणि काड्यापेटी मोठ्या बॅगेत चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही अनेक कंपन्या नाकारतात, कारण खोबऱ्यातील तेल पेट घेऊ शकते. लोणचे, तूप, चटणी, मुरंबा हे सारे सुरक्षा तपासणीच्या भाषेत द्रवपदार्थ आहेत. परदेशी प्रवासात ते १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बरणीत हातातून नेता येत नाहीत. बरणी अर्धी रिकामी आहे हा युक्तिवाद चालत नाही.

खाण्याच्या बाबतीत जैन घरांना सर्वाधिक काळजी असते आणि तीच सर्वाधिक वेळा फसते. 'हिंदू मील' नावाच्या जेवणात मांसाहार असू शकतो. 'एशियन व्हेजिटेरियन'मध्ये कांदा, लसूण, बटाटा येऊ शकतो. कंदमुळाविना जेवणाचा संकेत व्हीजेएमएल हा आहे. तो तिकिटातील प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे नोंदलेला असावा आणि ही नोंद साधारणतः निघण्याच्या एक-दोन दिवस आधी झालेली असावी. विमान बदलले, तारीख पुढे गेली किंवा दुसऱ्या कंपनीकडे पाठवले गेले, की ही नोंद अनेकदा गळून पडते. म्हणून दोन वेळा पुरेल इतका खाखरा, ठेपला किंवा कुरमुरे हाताशी असावेतच.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी घड्याळाचा प्रश्न वेगळा आहे. मध्यरात्रीनंतर मुंबईहून युरोपकडे निघालेले विमान रात्रीच्याच दिशेने पळते. फ्रँकफर्टची वेळ उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असल्याने त्या प्रवाशाची रात्र तितकी लांबते. विमानात चढताच येणारे जेवण रात्रीचे, आणि उतरण्यापूर्वी येणारी न्याहारीही हिवाळ्यात बहुधा अंधारातलीच. मुंबईला सूर्यास्तापूर्वी जेवून निघालेल्या वडीलधाऱ्यांचे पुढचे अन्न थेट फ्रँकफर्टला, तेही नवकारसीची ४८ मिनिटे झाल्यावर. मधुमेह असलेल्यांनी याचा विचार आधीच, डॉक्टर आणि महाराजसाहेब दोघांनाही विचारून करावा. पुढे फ्रँकफर्टहून दुपारी अमेरिकेकडे निघालेल्या विमानात उलटा प्रकार होतो: सूर्य मावळतच नाही आणि दिवस लांबतो. उकळलेल्या पाण्यासाठी रिकामा थर्मास सुरक्षा तपासणीतून नेता येतो. पलीकडच्या चहाच्या दुकानात विनंती केल्यास गरम पाणी बहुधा मिळते.

बाळंतिणीसाठीच्या लाडवांविषयी एक सूचना गंभीरपणे घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे कायद्याने गुन्हा आहे आणि विमान बदलण्यापुरते थांबणाऱ्याचे सामानही तपासले जाऊ शकते. अनेक घरांत खसखस बहुबीज म्हणून वर्ज्यच असते. पण शेजारणीने प्रेमाने दिलेल्या डिंकाच्या लाडवांत किंवा विकतच्या मसाल्यात ती असते. दुबई-अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी असे डबे घरीच ठेवावेत. अमेरिकेत ताजी फळे व कढीपत्ता नेता येत नाही. भारतासारख्या देशांतून तांदूळही प्रवाशाच्या सामानातून नेण्यास २०११ पासून बंदी आहे. कारण धान्याच्या व्यापाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे: खपरा भुंगेरा. अमेरिकेने या किड्याची जेवढी धास्ती घेतली आहे तेवढी येथील गोदामांनी कधी घेतली नसेल. तेथे खाद्यपदार्थांची विचारणा झाली की 'आहेत' असेच सांगावे. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. लपवलेल्याला मात्र १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. युरोपात, म्हणजे अँटवर्पसारख्या ठिकाणी, जाणाऱ्यांनी पेढे-बर्फी व तूप नेऊ नये. युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

इंग्रजी न येणाऱ्या ज्येष्ठांसाठी व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करावी. चाक फिरवणारा माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत वाट दाखवतो, हा तिचा मोठा लाभ. पण वाटेत एखाद्या दालनात बसवून तो दुसऱ्या प्रवाशाकडे जातो आणि परतण्यास वेळ लागतो. विमान सुटण्यास तासभर उरला की बोर्डिंग पास दाखवून आठवण द्यावी, संकोच करू नये. पासपोर्ट तपासणीपुरता द्यावा व लगेच परत घ्यावा. पुढील विमानाचा क्रमांक, वेळ, मुलीचा पत्ता व फोन मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेला एक कागद गळ्यातील पाकिटात असावा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

पट्टा थांबला आणि बॅग आलीच नाही, तर बाहेर पडू नये. तेथल्याच सामान-काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. तिला पीआयआर म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करार लागू होतो व भारत २००९ पासून त्यात आहे. बॅग खराब होऊन आली तर ७ दिवसांत आणि उशिरा आली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. बॅग येण्याच्या दिवसापासून २१ दिवसांत पोहोचलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरीपासून दर प्रवाशी १,५१९ एसडीआर आहे. रुपयांत ती पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. ही मर्यादा आहे, हमखास रक्कम नव्हे. दरम्यान विकत घ्याव्या लागलेल्या आवश्यक वस्तूंच्या पावत्या जपाव्यात.

व्यापारानिमित्त नमुने घेऊन जाणाऱ्यांनी ते 'घरचेच दागिने' म्हणून नेण्याचा मोह टाळावा. प्रदर्शनासाठी नेऊन परत आणायच्या मालाला एटीए कार्नेट हा कागद असतो. भारतात तो फिक्की देते आणि त्यामुळे तेथील आयातकर भरावा लागत नाही. स्वतःचे मौल्यवान दागिने अंगावर घालून जाणाऱ्यांनी निघतानाच कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते परदेशात घेतले नाहीत हे सिद्ध करावे लागत नाही. ५,००० डॉलरपेक्षा अधिक रोख परकीय नोटा घेऊन भारतात येताना घोषणा आवश्यक आहे.

परतीच्या वेळी दमलेले जोडपे मुंबईत उतरून पुढे कोल्हापूर किंवा नागपूरचे विमान धरणार असेल, तर तेथेही साधारणतः अमेरिकेसारखेच घडते: सामान उचलणे, कस्टम्स, पुन्हा जमा करणे. पुढचे विमान टर्मिनल १ वरून असेल, तर तेथे जाण्यास विमानतळाबाहेरचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर मुंबईची रहदारी आहे. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिकिटावर बीओएम लिहिले आहे की एनएमआय, हे वाचल्याशिवाय घ्यायला येणाऱ्या मुलाने गाडी बाहेर काढू नये.