मावशी गेल्या, त्याची गोष्ट

सोमवारी पावणेआठ झाले तरी मावशी आल्या नाहीत. सव्वाआठला त्यांच्या मुलाचा फोन आला, "आई आता यायची नाही." झाले! सौ.चा डबा ओट्यावर, माझा एक पाय बुटात, आणि दीड वर्षाच्या चिरंजीवांनी दाराशी ठिय्या मारलेला; 'माऊ' आल्याखेरीज दूध पिणार नाही म्हणून.

मूल सांभाळायला बाई शोधणे म्हणजे वधूसंशोधनाहून बिकट काम, हे अनुभवी वाचकांना सांगायला नकोच. पहिल्या बाईंनी मूल पाहण्याआधी पगार विचारला. आम्हीही नावाआधी आधारकार्ड मागितले होते, तेव्हा फिट्टंफाट! मग एका एजंटाने 'अठरा वर्षांची' पोर आणली. दिसत होती बारा-तेराची. 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे, असे सांगितले, तर गृहस्थ म्हणाले, "साहेब, सगळेच ठेवतात." सौ.ने पोरीला पोहे खायला घातले. 1098 वर फोन करायला हवा होता, हे मात्र ती जिना उतरून गेल्यावर सुचले.

तिसऱ्या बाई पन्नाशीच्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "आधीची बाई का गेली?"

"अहो, अचानकच सोडलं."

"अचानक कुणी सोडत नाही, दादा. रजा मागितली होती का तिनं?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मागितली होती. लेकीचे पहिले बाळंतपण, माहेरी करायचे, महिनाभर येणार नाही, असे मावशी म्हणाल्या होत्या. "बघू, ऑफिसात मार्चअखेर आहे," म्हणून आम्ही विषय टाळला. आणि याच घरात सौ.ने बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे घेतली होती! 2017 साली कायद्याने ती 12 आठवड्यांवरून वाढवली. मावशींची रजा आमच्या 'बघू'वर.

नव्या बाईंची रविवारची सुटी आणि पगाराची तारीख वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. पहिले चार दिवस सौ. घरीच राहिली. बाईंनी मुलाला उचलले नाही; नुसत्या समोर बसून मटार सोलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चिरंजीव एक शेंग घेऊन आपणहून त्यांच्याकडे गेले.

पुढच्या रविवारी मावशींचा राहिलेला पगार द्यायला आम्ही तिघे गेलो. मावशींच्या मांडीवर नात होती. चिरंजीवांनी ती पाहिली मात्र, पाठ फिरवून बसले.

"अगं, घे हिला जरा," मावशी लेकीला म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.