लॉर्ड रॉबर्ट्सची फूटपट्टी

म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला आपल्या वस्तीतली पाच-सहा मुले धावताना दिसतात. सैन्यभरतीची तयारी चालू आहे. परवा त्यातल्या एकाने आम्हाला थांबवले. "जयभीम वकीलसाहेब, एक विचारू? आपली जात लढाऊ म्हणून सरकारदरबारी नोंद आहे ना? मग भरतीत त्याचा काही फायदा मिळतो का?" आम्हाला माणगावला तारखेला जायचे होते, म्हणून "नाही रे बाबा" एवढे बोलून आम्ही निघालो. पण एस.टी.त बसल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्या प्रश्नाचे खरे उत्तर एका सेनापतीच्या चरित्रात दडलेले आहे, आणि त्या सेनापतीचे नाव आपल्या शिकल्यासवरल्या बांधवांनाही फारसे ठाऊक नसते.

त्याचे नाव फ्रेडरिक रॉबर्ट्स. जन्म १८३२, कानपूर. बाप कंपनीच्या फौजेत जनरल. १८५७ चे बंड मोडताना हा पोरगा पुढे होता आणि २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंजच्या चकमकीतल्या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे दुसऱ्या अफगाण युद्धात तो साऱ्या इंग्लंडचा लाडका झाला. १८७९ साली काबूल घेतल्यावर त्याने लष्करी आयोग बसवून ८० हून अधिक अफगाणांना फासावर दिले. आरोपीला वकील नाही, अपील नाही. इंग्लंडातही त्यावर टीका झाली, पण विजयाच्या डंक्यात ती बुडाली. १८८० च्या ऑगस्टमध्ये सुमारे १०,००० सैनिक घेऊन त्याने काबूल ते कंदाहार हे ५०० किलोमीटरचे अंतर तीन आठवड्यांत कापले आणि १ सप्टेंबरला अयूबखानाचा पराभव केला. ही चढाई लष्करी इतिहासात गाजली. तिची थोरवी नाकारण्याचे आम्हाला कारण नाही.

मात्र ही चढाई करावी का लागली, हे पाहिले पाहिजे. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे ब्रिटिश फौजेचा दारुण पराभव झाला होता. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. हरलेल्या मुंबईवाल्यांना सोडवायला रॉबर्ट्स आपले शीख, गुरखे आणि स्कॉटिश हायलँडर घेऊन आला, असे चित्र तयार झाले आणि मैवंदचा डाग मुंबई फौजेच्या माथी कायमचा बसला. आता उलटतपासणीचा एक साधा प्रश्न. मैवंदला ६६ वी गोरी पलटणही होती, बर्कशायर परगण्याची. तीही तिथेच कापली गेली. मग बर्कशायरचे गोरे बिगर-लढाऊ आहेत, असा ठराव कोणी केला काय? गोऱ्यांच्या पराभवाला तोफा कमी पडल्या, सेनापती चुकला, पाणी नव्हते अशी कारणे असतात. काळ्यांच्या पराभवाला फक्त जात कारण असते!

रॉबर्ट्स १८८१ ते १८८५ मद्रास फौजेचा सरसेनापती होता आणि १८८५ ते १८९३ साऱ्या हिंदुस्थानचा. या आठ वर्षांत रशियाच्या भीतीने त्याने फौजेची फेरमांडणी केली. त्याचे मत पक्के होते की उत्तरेतल्या जमाती लढाऊ आणि दक्षिणेतल्या दीर्घ शांततेमुळे नरम पडलेल्या, बायकी. हे मत त्याने १८९७ साली छापलेल्या 'फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया' या आत्मचरित्रात उघडपणे मांडले आहे. १८९२ मध्ये त्याला 'कंदाहारचा लॉर्ड' हा किताब मिळाला. त्याच सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली.

एकट्या रॉबर्ट्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र न्यायाचे होणार नाही. तेलुगू आणि तमिळ सैनिकांवरही हीच कुऱ्हाड पडली. जातवार पलटणी आणि कंपन्या करण्याचे धोरण एकदा आले की अस्पृश्य सुभेदाराच्या हुकुमाखाली सवर्ण शिपाई कसा राहील, हा प्रश्न साहेबाला भेडसावू लागला. साहेबाने त्यावर सोपा उपाय काढला. सवर्णाचा विटाळ त्याने मान्य केला आणि सुभेदाराला घरी बसवले. म्हणजे मनूची वर्णव्यवस्था आणि साहेबाचे भरतीचे फर्मान यांनी इथे हातमिळवणी केली.

या फर्मानाने काय गेले, हे कोकणाला विचारावे. म्हसळा तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. पण पलीकडच्या महाड, मंडणगड, दापोली भागातले महार पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या पलटणीत जात. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभ्या राहिलेल्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची जी नावे कोरलेली आहेत, ती अशाच शिपायांची. पलटणीत पगार होता, पण त्याहून मोठ्या तीन गोष्टी होत्या. शाळा होती, आणि तिथे शिपायाची मुले, मुलीही शिकत. अंगावर गणवेश होता, म्हणून गावच्या वेठबिगारीतून सुटका होती. आणि निवृत्तीनंतर पेन्शन होते, म्हणून म्हातारपणी पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभे राहावे लागत नव्हते. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्तीच वसली होती. मंडणगडजवळच्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेतून निवृत्त होऊन आधी दापोलीलाच आले. बाबासाहेबांचे पहिलेवहिले शिक्षण या पलटणीच्या पुण्याईवर झाले.

याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढळचे हे निवृत्त सैनिक. त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळ' काढले, 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिले आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारसाठी विनंतीपत्र तयार केले. भरतीबंदीविरुद्धच्या अर्जाच्या कामी सुभेदार रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात येते. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. आमच्या वकिली धंद्यात याला पाठपुरावा म्हणतात. आपल्या माणसांनी हा पाठपुरावा तब्बल वीस-पंचवीस वर्षे केला, आणि तोही कुठल्याही कोर्टाचा आधार नसताना.

तिकडे रॉबर्ट्सची कीर्ती वाढतच होती. १९०० मध्ये बोअर युद्धात त्याने प्रिटोरिया घेतले. त्याच्या कारकिर्दीतच बोअर शेतकऱ्यांची घरे जाळण्याचे सत्र सुरू झाले. त्याच युद्धात १८९९ च्या डिसेंबरमध्ये त्याचा मुलगा मारला गेला होता. बाप म्हणून त्याचे दुःख आम्ही समजू शकतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी तो फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांना भेटायला गेला आणि तिथेच न्यूमोनियाने वारला. लंडनमध्ये त्याचा पुतळा झाला, कलकत्त्यात झाला, ग्लासगोतही झाला.

त्याच महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा मात्र लढाऊ-बिगरलढाऊ ही भाषा साहेब विसरला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही! गरज असताना महार लढाऊ आणि गरज संपताच बिगर-लढाऊ. या एका घटनेत तो सिद्धांत किती शास्त्रीय होता याचा निकाल लागतो. अखेर बाबासाहेब १९४१ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. म्हणजे रॉबर्ट्सच्या काळात बंद झालेले दार कायमचे उघडायला जवळपास ५० वर्षे लागली. पुढे याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झालेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी देशाचे लष्करप्रमुख झाले. याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या तिघांपैकी महार कोणीच नव्हते, आणि त्यात काहीही वावगे नाही. शौर्य जातीत नसते याचाच तो पुरावा आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याच सभांमधून, विशेषतः १ जानेवारीच्या आसपास, "आम्ही जन्मजात लढवय्ये" असे गर्जणारे वक्ते आम्ही खूप ऐकले. तरुणपणी आम्हीही तसेच गर्जलो आहोत, टाळ्याही घेतल्या आहेत. पण ही फूटपट्टी कोणाची? ती रॉबर्ट्सची आहे. त्याने तिच्यावर मोजून आपल्याला वगळले, आपण तिच्यावरच मोजून स्वतःला पास करून घेतो. वलंगकरांना त्या काळी आपले लोक मूळचे क्षत्रिय होते असे मांडावे लागले, कारण साहेबाला तेवढीच भाषा कळत होती. बाबासाहेबांनी मात्र पाकिस्तानवरील ग्रंथात लष्कराची चर्चा करताना या सिद्धांताचे मूळच खणले. लढाऊ आणि बिगर-लढाऊ ही विभागणी मनमानी आहे, हिंदूंच्या जातिसिद्धांताइतकीच ती मूर्खपणाची आहे, कारण तीही कर्तृत्वाऐवजी जन्म पाहते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. उत्तरेचे वर्चस्व १८५७ नंतरच्या राजकारणातून आले, रक्तातून नाही, हेही त्यांनी दाखवले. महार पलटण मागणारे बाबासाहेब आणि हे लिहिणारे बाबासाहेब एकच आहेत. त्यांची मागणी संधीची होती.

आणि संधीचे म्हणाल तर आज काळजी वेगळीच आहे. २०२२ पासून अग्निवीर योजना आली. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला कायम करणार. बाकीच्यांनी ठरावीक रक्कम घेऊन घरी यायचे, पेन्शन नाही. ज्या पेन्शनने दापोलीत वलंगकर उभे केले, तेच यातून गेले आहे. याची चर्चा आपल्या व्यासपीठांवर किती होते?

येत्या १ ऑक्टोबरला म्हसळ्यात आम्ही काही कार्यकर्ते त्या धावणाऱ्या मुलांना घेऊन बसणार आहोत. बाबासाहेबांच्या त्या ग्रंथातले संरक्षणावरचे प्रकरण मराठीतून वाचायचे, एवढाच कार्यक्रम. पहिले पान वाचण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडेच दिले आहे. धावून आल्यावर आंघोळ करून साडेसातला येतो, म्हणाला.