टाचेतून निघालेलं बळ

चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, चेनजियागोउ नावाचं गाव आहे. तिथे ताई ची शिकणाऱ्या पोरांच्या हाती कधी ना कधी एक लांब सोटा येतो. अ‍ॅश जातीच्या झाडाचा, तीन मीटर किंवा त्याहूनही लांब, बुडाशी मुठीत जेमतेम मावणारा आणि शेंड्याकडे निमुळता होत गेलेला. तो दोन्ही हातांनी बुडाशी धरायचा, बैठक खाली घ्यायची आणि एकाच झटक्यात असा हलवायचा की शेंडा थरथरला पाहिजे. नुसत्या खांद्यांच्या जोरावर हे जमत नाही. खांदे लावले तर सोटा इकडून तिकडे झोकांड्या खातो आणि थोड्याच वेळात दंड भरून येतात. कंबर वळली, मांड्यांचा रेटा तिच्याशी जुळला आणि हात त्या रेट्याच्या आड आले नाहीत, तरच लाकडातून एक थरार शेंड्यापर्यंत धावत जातो.

ताई चीतल्या ‘आंतरिक बळा’विषयी बोलताना मला हा सोटा फार महत्त्वाचा वाटतो. गुरूने बोट लावलं की शिष्य मागे उडून पडतो, अशी दृश्यं आपण पाहतो. शिष्य गुरूची भीड ठेवू शकतो. लाकूड कुणाची भीड ठेवत नाही.

या बळाला चिनी लोक ‘जिन’ म्हणतात आणि ते बाहेर टाकण्याला ‘फा जिन’. दंडाच्या जोराला त्यांच्याकडे ‘ली’ हा वेगळा शब्द आहे. ली जन्मजात असते, वजन उचलून वाढते, वयाबरोबर उतरते. जिन मात्र शिकावं लागतं. त्यात कुणी विश्वशक्ती पाहतं, कुणी नुसती थाप. दोन्ही मतं मला घाईची वाटतात. जिन म्हणजे जमिनीपासून हातापर्यंत सांधलेल्या शरीरातून वाट काढत जाणारा जोर. तो कसा निर्माण होतो हे आजच्या शरीरशास्त्राच्या भाषेत बरंचसं सांगता येतं. तो कमवायला मात्र वर्षं जातात, आणि त्या वर्षांतला बहुतेक काळ काही मिळवण्यात नव्हे तर सोडण्यात जातो.

या विद्येचा उगम चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धपुरुषाकडे नेण्याची जुनी रीत आहे. तांग हाओ या इतिहासकाराने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चेनजियागोउला जाऊन वंशावळी आणि घराण्यातले कागद तपासले आणि ही कथा बाजूला सारली. त्याच्या मते पद्धतीचा पाया घातला तो सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग या योद्ध्याने. मिंग राजवट १६४४ मध्ये कोसळली, त्या धामधुमीच्या काळातला हा माणूस. त्याच्याआधी सुमारे शतकभर, सेनापती छी जिग्वांगने सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात हातघाईचे ३२ पवित्रे दिले होते. त्यांपैकी २९ चेन घराण्याच्या पद्धतीत सापडतात, असं तांग हाओने दाखवलं. म्हणजे मुळात हा लष्करी कसरतीचा माल. त्यात श्वासाची आणि अंग सैल करण्याची ताओपंथी साधना मिसळली आणि वेगळंच काही तयार झालं.

ते गावाबाहेर नेलं यांग लुचान (१७९९–१८७२) याने. चेन चांगशिंगकडे अनेक वर्षं शिकून तो पुढे बीजिंगला गेला आणि मांचू सरदारांना, राजवाड्याच्या रक्षकांना शिकवू लागला. त्याचा नातू यांग चंगफू (१८८३–१९३६) याच्या हाती ही पद्धत लांब, सलग, एका लयीची झाली. उड्या, पाय आपटणं, अचानक झटके हे सगळं गेलं. शहरातल्या मध्यमवयीन माणसालाही जमेल असं रूप उरलं. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. जगभरच्या बागांत सकाळी दिसते ती ताई ची बहुधा हीच. त्याने कोट्यवधी लोकांचं भलं झालं यात शंका नाही. पण बळ कुठे तयार होतं ते नजरेआड गेलं. १९२८ मध्ये चेन घराण्यातला चेन फाके (१८८७–१९५७) बीजिंगला येऊन शिकवू लागला, तेव्हा त्याच्या झटक्यांनी आणि पायांच्या आघातांनी लोक चकित झाले. ही ताई ची त्यांनी पाहिलीच नव्हती.

आता मूळ प्रश्न. जोर येतो कुठून?

यांग घराण्यात चिमणीची गोष्ट सांगतात. घराण्यातला एक उस्ताद तळहातावर चिमणी ठेवायचा आणि तिला उडता यायचं नाही. ती पायांनी रेटा द्यायला जायची त्याच क्षणी तो हात किंचित खाली घ्यायचा. ही आख्यायिकाच, पण तिच्यातलं शास्त्र पक्कं आहे. पक्ष्याला उडण्याच्या क्षणी लागणारा बहुतेक वेग पायांच्या रेट्यातून मिळतो. रेट्याला उलट दाबणारं काही खाली नसेल तर पंख असूनही उड्डाण नाही. माणसाचंही तेच. आपण कुणाला ढकलतो तेव्हा खरं तर जमिनीला ढकलत असतो. जमीन तितक्याच जोराने उलट ढकलते आणि तो जोर टाच, घोटा, गुडघा, जांघ, कणा, खांदा, कोपर अशा वाटेने हातापर्यंत पोचतो. वाटेतल्या प्रत्येक सांध्याला तो वाया घालवायचे दोन मार्ग आहेत. सांधा लेचापेचा असेल तर जोर तिथेच खचतो. आखडलेला असेल तर तिथेच अडतो.

आखडण्याचं कारण साधं आहे. कोपर सरळ करायला दंडाच्या मागचा स्नायू आवळावा लागतो. आपण ‘जोर लावतो’ तेव्हा पुढचाही आवळतो. दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात, आपल्याला वाटतं केवढी ताकद लावली, आणि हात मात्र धिम्या गतीने पुढे जातो. मेहनत स्वतःशीच भांडण्यात जाते. ताई चीत पहिली शिकवण ‘सुंग’ची असते, ती याचसाठी. सुंग म्हणजे ढेपाळणं नव्हे. कामात नसलेला प्रत्येक स्नायू मोकळा करायचा आणि सांगाडा मात्र उभारलेला ठेवायचा. त्या उभारीला ‘पंग’ म्हणतात. हे आठ मूळ जोरांपैकी पहिलं आणि बाकी सगळ्यांच्या पोटात असलेलं. चांगल्या शिक्षकाच्या पुढे धरलेल्या हातावर दाब दिला तर हात मऊ लागतो, पण खाली जात नाही. दाब त्याच्या टाचेत उतरतो.

यावर चढते वेटोळ्याची गती. चेन घराण्यातला विद्वान चेन शिन (१८४९–१९२९) याने १९०८ पासून बारा वर्षं खपून घराण्याच्या विद्येवर सचित्र ग्रंथ लिहिला. तो १९३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याचा सगळा भर ‘चान्स जिन’वर आहे, म्हणजे कोशातून रेशीम उलगडावं तशा गतीवर. धागा हिसका दिला तर तुटतो, ढिला सोडला तर गुंततो. शरीरात ही गती म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत एकाच वेळी चाललेला पीळ: मांडी वळते, कंबर वळते, बाहू वळतो. शरीररचनेला हा पीळ मानवतो. एका बाजूच्या नितंबाचा मोठा स्नायू आणि दुसऱ्या बाजूचा पाठीचा रुंद स्नायू कमरेच्या जाड पडद्यातून तिरके जोडलेले आहेत. एक कूस वळवून मग सोडली की ताणलेली तिरकी पट्टी परत फिरते. ताणला गेलेला स्नायू लगेच आवळला तर अधिक जोर देतो. मध्ये थांबलं की तो फायदा विरतो. फा जिनच्या आधी कसलेला माणूस जांघेत किंचित बसतो आणि न थांबता उसळतो, त्याचं कारण हेच.

पोटाचा वाटा वेगळा. बेंबीखाली ‘दानत्येन’ नावाचं स्थान सांगतात आणि सारी हालचाल तिथून निघावी असा आग्रह धरतात. उभ्या माणसाचं गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, ओटीपोटाच्या पोकळीतच असतं. झटक्याच्या वेळी श्वास बाहेर जातो, पोटाचा घेर सगळीकडून आवळतो आणि आतला दाब कण्याला आधार देतो. पायांतला जोर वर जाताना कमरेत वाकून वाया जात नाही. दानत्येनला ऊर्जेचं कुंड मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सराव करताना लक्ष तिथे ठेवण्याचा उपयोग मात्र निर्विवाद आहे.

समोरचा का उडतो, यालाही उत्तर आहे. जोर खालून वर तिरका गेला तर प्रतिस्पर्ध्याचं जमिनीवरचं वजन क्षणभर घटतं, त्याबरोबर त्याच्या पायांचं घर्षणही घटतं. त्याच धक्क्याची प्रतिक्रिया माझे पाय जमिनीत अधिक दाबते. आणि त्याने हात ताठ धरला असेल तर तो हात म्हणजे त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत पोचायचा आयता दांडाच.

सरावाची सुरुवात उभं राहण्यापासून होते. गुडघे किंचित वाकलेले, हात झाडाला कवेत घेतल्यासारखे, आणि हालचाल शून्य. पाच मिनिटांत मांड्या थरथरू लागतात, दहा मिनिटांत खांदे वर चढल्याचं कळतं. ते उतरवायचे. पुन्हा चढतात, पुन्हा उतरवायचे. वांग श्यांगजाय (१८८५–१९६३) याने तर याच उभं राहण्यावर ‘यीछ्वान’ ही स्वतंत्र पद्धत उभारली. त्यानंतर एका हाताने, मग दोन्ही हातांनी वर्तुळं काढायचा सराव आणि चेन घराण्याचा पहिला क्रम. हा क्रम संथ असतो कारण संथपणात चूक लपत नाही. वेगात गुडघा आणि कंबर वेगवेगळ्या वेळी हलली तरी चालून जातं. दुसरा क्रम ‘पाओच्वी’, तोफगोळ्यांचा म्हणून ओळखला जाणारा: वेगवान, उड्या आणि झटक्यांनी भरलेला. तो सहसा पहिल्यानंतरच देतात.

मेहनत किती, ते चेन फाकेच्या गोष्टीवरून कळतं. लहानपणी तो आजारी आणि आळशी होता. थोरल्या चुलतभावाच्या तोडीचं त्याला काही येत नाही, असं मोठ्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. एकदा दोघे शेताकडे निघाले असताना काहीतरी विसरलं म्हणून भावाने त्याला परत पाठवलं आणि म्हटलं, तू पळत जा, मी हळू चालतो, म्हणजे गाठशील. त्या पोराच्या डोक्यात लख्ख पडलं: पुढे असलेल्याला गाठायचं तर त्याच्याहून अधिक वेळा केलं पाहिजे. पुढे तो रोज तीस-तीस वेळा पूर्ण क्रम करीत असे, असं त्याचे शिष्य सांगत. ‘आंतरिक’ या विशेषणाने हा घाम झाकला जातो, याचं मला वाईट वाटतं.

खरी कसोटी जोडीदाराबरोबर. ‘थुई शौ’मध्ये दोघे मनगटाला मनगट लावून उभे राहतात आणि एकमेकांचा तोल चाचपतात. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात सुरुवातीची खडाखडी ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही: मल्ल मानेवर हात टाकून, रेटून, सोडून दुसऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते शोधत असतो. थुई शौने ही खडाखडीच मुख्य विद्या केली. समोरच्याचा जोर हातातून ‘ऐकायचा’, त्याला विरोध न करता मागे यायचं, तो रिकाम्यात झुकला की त्याच क्षणी जोर परतवायचा. स्पर्शाला शरीर नजरेपेक्षा थोडं लवकर उत्तर देतं, म्हणून हे जमू शकतं. चेन घराण्यातले चेन श्याओवांग यांनी शिकण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीवर कठीणपणाचे नऊ भाग आणि मऊपणाचा एक. पाचवीवर दोन्ही पाच-पाच. सुरुवातीला मऊ होणंच इतकं अवघड असतं.

इथेच या विद्येचं मोठं नुकसानही झालं. जोडीदाराने खरा विरोध करणं थांबवलं की थुई शौ नाटक होतं. शिष्य गुरूच्या मनासारखा उडायला शिकतो, आणि काही वर्षांनी गुरूलाही ते खरं वाटू लागतं. जानेवारी १९५४ मध्ये मकाऊला ताई चीच्या वू पद्धतीचे वू गोंगयी आणि श्वेतबगळा पद्धतीचे चेन केफू यांची हजारो प्रेक्षकांसमोर लढत झाली. रक्त निघालं, पंचांनी ती थांबवली, विजेता ठरला नाही. लढत देखणी नव्हती, पण वू गोंगयी निदान उभे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये छंगदूला मिश्र युद्धकलेचे शू श्याओदोंग यांच्यासमोर ताई ची गुरू वेई लेई अर्धं मिनिटही टिकले नाहीत. जिन खोटं ठरलं, असा अर्थ अनेकांनी काढला. मला वाटतं, ठोशांना सामोरं जाण्याचा सराव नसलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. हात जुळल्यावर तोल हेरण्याची विद्या हात जुळण्याआधीच्या अंतरात आपोआप कामी येत नाही. त्यासाठी वेगळा, अंगाला लागणारा सराव हवा, आणि जुने लोक तो करत होते.

ताई चीच्या बाजूने भक्कम पुरावा आला तो लढतीच्या मैदानाबाहेरून. १९९६ मध्ये अटलांटातल्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या २०० जणांपैकी ताई चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटलेला आढळला. २०१२ मध्ये ओरेगॉनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांना तीन गटांत विभागून २४ आठवडे ताई ची, वजनांचा व्यायाम किंवा ताणण्याचे व्यायाम दिले. तोल सावरण्यात ताई चीचा गट बाकी दोघांच्या पुढे गेला. या रुग्णांना कुणी फा जिन शिकवलं नव्हतं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश, शेवटच्या टोकापर्यंत न्यायचं, कंबर त्याबरोबर वळवायची, खांदे मोकळे ठेवायचे, एवढंच ते करत होते. समोरच्याला उलथवणारा जोर ज्या वाटेने टाचेतून हातात येतो, तीच वाट घसरलेल्या पायाला सावरायला लागते. ओरेगॉनच्या रुग्णांचं सावरणं वर्ग संपून तीन महिने झाल्यावरही टिकून होतं.