वसई किल्ल्याचे दोन दरवाजे

वसईचा किल्ला म्हणजे तटाआड वसवलेले शहर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि १५३६ पासून बालेकिल्ल्याचे काम सुरू झाले. चर्च, मठ, उमरावांची घरे उभी राहिली, तसा वस्तीभोवती सुमारे साडेचार किलोमीटरचा दहाकोनी तट आला. त्याला दोन प्रमुख दरवाजे. गावाकडचा पोर्ता द तेर्रा, म्हणजे जमिनीकडचा दरवाजा. खाडीकडचा पोर्ता दो मार, म्हणजे दर्या दरवाजा.

जमिनीकडचा दरवाजा पाहताना सगळे लक्ष वाटेच्या वळणाकडे जायला हवे. बाहेरच्या कमानीतून आत शिरल्यावर सरळ शहर लागत नाही. उंच भिंतींमध्ये वाट काटकोनात वळते आणि मग दुसरी कमान येते. या वळणामुळे हत्तीला धाव घेता येत नाही, ओंडक्याने धडक देता येत नाही आणि बाहेरच्या तोफेचा गोळा आतल्या फळीपर्यंत पोहोचत नाही. अडकलेल्या शत्रूवर मात्र वरून मारा करता येतो. दर्या दरवाजाच्या सागवानी फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत, तेही हत्तीच्या मस्तकासाठीच. कमानीचे दगड काळ्या बेसॉल्टचे. वसईचा हा घडीव दगड गोव्यातही जाई. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागाला तो वापरलेला आहे.

ही रचना कसोटीला लागली ती १७३९ मध्ये, मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला तेव्हा. बाकीच्या बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्याने चिमाजी अप्पांच्या सैन्याला उत्तरेच्या जमिनीवरूनच भिडावे लागले. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग नेले. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरूज उडाला आणि त्या खिंडारातून हल्ला झाला. दोन्हीकडची मोठी हानी झाली. १६ मे रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या, २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. वसई जिंकली ती भिंत फोडून. जमिनीकडच्या दरवाजाची याहून मोठी पावती नाही. पुढे १७८० मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाला आणि पेशवाईबरोबर कायमचा गेला.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. कायद्याने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. विरारच्या मनवेलपाड्याहून येणारा माणूस लोकल पकडतो, वसई रोडला उतरतो आणि बसने किंवा रिक्षाने किल्ल्यात शिरतो. गाडीरस्ता जुन्या दरवाजाला बगल देऊन जातो, त्यामुळे ती वळणाची वाट पाहायची तर मुद्दाम उतरून चालावे लागते. दर्या दरवाजाबाहेर मात्र राबता सुटलेला नाही. तिथे किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या लागतात, जाळी पसरलेली असतात आणि बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात.