पाटीवर मालवण, चुलीवर पावस

दुपारच्या जेवणासाठी नारळ सकाळी साडेनवालाच फुटतात. सोलकढी मात्र पहिलं गिऱ्हाईक बाकावर टेकल्याशिवाय कालवायची नाही, असा या स्वयंपाकघराचा दंडक आहे. नारळाचं दूध आणि कोकम एकत्र करून ठेवलं की थोड्या वेळाने ते फाटतं, साय वर येते आणि खाली नुसतं आंबट पाणी राहतं. म्हणून पातेली दोन. एकात लसूण, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं वाटून फडक्यातून पिळलेला रस, दुसऱ्यात कोमट पाण्यात भिजलेली आमसुलं. ताट वाढायला घेतलं की स्वयंपाक करणाऱ्या काकू आमसुलं हाताने कुसकरतात, पाणी गाळून रसात ओततात, मीठ घालतात आणि वरून कोथिंबीर टाकतात. रंग येतो तो फिका, किंचित मातकट गुलाबी.

जागा नवी आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात येणाऱ्यांची वर्दळ वर्षभर असते, त्या भरवशावर रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून सहा टेबलं मांडली आहेत. बाहेर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘अस्सल मालवणी जेवण’. मालक पावसचेच. काकू गावखडीच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. मालवणात दोघांपैकी कोणी एक रात्रही काढलेली नाही.

मी हे मालकांना विचारलंच. ते म्हणाले, “अहो, ‘अस्सल पावशी जेवण’ लिहिलं तर पुण्याची गाडी थांबेल का?”

थांबणार नाही, हे खरं आहे. आणि त्यांना खोटं पाडायला जावं तर इतिहासही त्यांच्याच बाजूने थोडा उभा राहतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा निघेपर्यंत मालवणही पावससारखं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. ‘मालवणी’ हे नाव हॉटेलांच्या पाट्यांवर चढलं ते मुंबईत. गिरणगावातल्या खानावळी, मग परळ-दादरची हॉटेलं, आणि ‘वस्त्रहरण’ नाटकाने मालवणी बोली नाट्यगृहांत खणखणवल्यावर त्या नावाला आलेलं वजन. कोकणातलं तिखट, खोबऱ्याचं जेवण म्हणजे मालवणी, असं मुंबईने ठरवलं. आता मुंबई-पुण्याची माणसं कोकणात येऊन तेच मागतात, आणि कोकण ते लिहून देतं.

अमेरिकेत टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या जेवणाच्या वाट्याला याच्या उलटं आलं. चिली कॉन कार्ने, पिवळं चीज ओतलेले एन्चिलाडा, सढळ हाताने घातलेलं जिरं, मैद्याचे टॉर्टिया, हे टेक्सासात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मेक्सिकन वंशाच्या घरांत आणि खानावळींत घडलेलं जेवण. सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका संध्याकाळी मोठी पातेली मांडून चिली विकायच्या. पुढे स्वच्छतेचे नियम दाखवून त्यांना तिथून उठवलं. १९७२ मध्ये डायना केनेडी या मूळच्या इंग्रज बाईंचं मेक्सिकन स्वयंपाकावरचं पुस्तक आलं. मेक्सिकोत राहून, फिरून त्यांनी प्रांतोप्रांतीचे पदार्थ जमवले होते. काम मोलाचंच होतं, पण त्यानंतर सीमेअलीकडच्या जेवणावर ‘टेक्स-मेक्स’ असा शिक्का बसला आणि त्याचा अर्थ बरेच लोक ‘नकली’ असा घेऊ लागले. गंमत अशी, की या नकली म्हटलेल्या जेवणातला सगळ्यांत गाजलेला पदार्थ, नाचोज, जन्मला मेक्सिकोच्या भूमीवर. पिएद्रास नेग्रास हे सीमेवरचं गाव, साल १९४३. इग्नासियो अनाया या माणसाने अवेळी आलेल्या बायकांसाठी टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि हालापेन्यो मिरची एवढंच जुळवून एक ताटली पुढे केली. त्या बायका होत्या नदीपलीकडच्या अमेरिकन सैनिकांच्या. करणारा मेक्सिकन, जमीन मेक्सिकन, खाणारं तोंड अमेरिकन. आता याला काय म्हणायचं?

काकूंच्या पाट्यावर वाटली जाणारी बेडगी मिरचीसुद्धा मूळची त्याच मुलखातली. मिरची मेक्सिकोच्या बाजूची, काजू ब्राझीलचा. दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरले. बटाटा आणि टोमॅटो त्याच खंडातले. जुनेपणाचीच कसोटी लावायची तर या ताटातले वतनदार म्हणजे नारळ, मिरी, तिरफळ आणि कोकम. बाकीचे बरेचसे कधी ना कधी बोटीने आलेले. त्यामुळे ‘आमच्या आजीच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून एखादा पदार्थ बाद करणाऱ्यांशी माझं जमत नाही. आजीच्या आजीच्या आजीला आजीची लाल आमटी पाहून धक्काच बसला असता.

पण म्हणून सगळंच चालतं असं नाही. काय चालत नाही, ते काकू बांगड्याचं तिखलं करतात तेव्हा नीट दिसतं.

तिरफळं त्या आधी परडीत पसरतात. वाळून उकललेल्या प्रत्येक फळात एक काळी चकचकीत बी असते, ती निवडून टाकायची. ती राहिली तर दाताखाली कचकचते. उरलेली टरफलं पाच-सहाच घ्यायची, दगडाने चेचायची आणि चमचाभर पाण्यात टाकायची. तेवढ्यानेच लिंबाच्या सालीसारखा, मिरीसारखा आणि तरीही दोन्हींपेक्षा वेगळा वास शेडभर होतो. चुकून चावलं तर जीभ बधिर होते. चिनी जेवणातली सेशवान मिरी याच कुळातली. पसरट मडक्यात बांगड्याचे तुकडे, वाटलेली मिरची, हळद, मीठ, आमसुलं आणि ते तिरफळाचं पाणी. खोबरं नाही. उकळी आली की डाव घालायचा नाही, मासा मोडतो. मडक्याचे काठ फडक्याने धरून गोल हलवायचं. उतरवताना कच्चं खोबरेल, चमचाभर.

“सुरमईत घालता का तिरफळ?” मी विचारलं.

“सुरमईला कशाला? बांगडा तेलाचा, त्याला वास. म्हणून त्याला तिरफळ. वाईच बाजूला सरा, मला तवा घ्यायचाय.”

कोंबडीसाठीचं वाटण संपूर्ण वेगळं. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, खड्या मसाल्याबरोबर वाटायचं. माशाच्या आमटीला ओलं खोबरं, न भाजता, धणे आणि मिरचीबरोबर. दोन वाटणांची दोन भांडी, आणि एकाचा चमचा दुसऱ्यात गेला तर काकूंचा आवाज मंदिरापर्यंत ऐकू जावा. ज्या हॉटेलांत ‘मालवणी’ हे नाव नुसतं रंगापुरतं उरलंय, तिथे हाच भेद पहिला जातो. मोठ्या डेगीत एक लाल ग्रेव्ही तयार असते. तिच्यात कोळंबी टाकली की कोळंबी मसाला, अंडं टाकलं की अंडा मसाला, पनीर टाकलं की तेही मालवणी. खाणाऱ्याला तिखट लागतं, घाम येतो, कोकणात येऊन जेवल्याचं समाधान होतं. बांगड्याला तिरफळ का आणि सुरमईला का नाही, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

टेक्सासातही हे झालं. विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरची आणि मसाल्याची तयार पूड बाटलीत भरून विकायला काढली. मिरचीचा हंगाम नसतानाही चिली करता येऊ लागली, शिवाय कुठेही. सोय मोठी झाली, पण वर्षानुवर्षांनी त्याच बाटलीची चव म्हणजेच त्या पदार्थाची चव, असं लोकांच्या डोक्यात बसलं. मला वाटतं, नकली जेवण सुरू होतं ते इथे. परक्याची वस्तू ताटात आली म्हणून नव्हे, तर कुठल्या वस्तूला कुठली हे विचारायचंच बंद झालं म्हणून.

पावसला येणारे बरेचसे शाकाहारी. समाधीचं दर्शन, दुपारी खिचडीचा प्रसाद, मग गणेशगुळ्याकडे. त्यातल्या ज्यांना ताट हवं असतं त्यांच्यासाठी काकूंनी शेडच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल मांडली आहे. तिथे बिरड्याची उसळ, कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, फणसाच्या दिवसांत फणसाची भाजी. आणि फेब्रुवारीपासून उन्हाळाभर ओल्या काजूगरांची उसळ. हे काजूगर शेकड्यावर विकत घेतात, किलोवर नव्हे, आणि भाव ऐकून पाहुणे चमकतात. त्या भावात काय आहे ते सोलणाऱ्या बाईच्या बोटांकडे पाहिलं की कळतं. कोवळ्या हिरव्या बीला उभी चीर द्यायची आणि काडीने गर उचकटून बाहेर काढायचा. सालीतला चीक कातडी जाळतो. हाताला राख नाहीतर तेल चोपडलं तरी मोसम संपेपर्यंत बोटांची कातडी काळी पडून सोलून निघते. जूनमध्ये काजूगरांची उसळ मागणाऱ्याला काकू सरळ नाही म्हणतात. मालकांना ते परवडत नाही, म्हणून त्यांनी सुके काजू भिजवून करून बघितलं होतं. काकूंनी ते ताट वाढलं, पण नाव घेतलं ‘काजूची भाजी’.

इथल्या फळांना कागद मिळाला आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ मध्ये. झाड कुठल्या जमिनीत आहे ते दाखवता येतं. आमटीला असा कागद कोण देणार? तरी तपासणी रोज होते, दीड वाजल्यानंतर. पर्यटकांची गर्दी ओसरली की बागेत फवारणी करून आलेले गडी, टेम्पोवाले, कधी पूर्णगडच्या बाजूचे दोन-तीन खारवी येतात. त्यांच्यासाठी फळ्यावर न लिहिलेलं, स्वस्तातलं ताट असतं: भात, आमटी, एक तुकडी. ते तारीफ करत नाहीत. एक जण पहिला घास घेऊन एवढंच म्हणाला, “आज आमसूल कमी पडलं.” काकूंनी चव घेतली, दोन सोलं आणखी टाकली आणि उरलेल्या सगळ्यांना तीच आमटी गेली. पुण्याच्या गाडीतल्या कोणालाही ते कळलं नसतं. ज्या स्वयंपाकघरात असं म्हणणारं गिऱ्हाईक येत नाही, तिथल्या पाटीवर काही लिहा, मला फरक पडत नाही. टेक्सासातल्या त्या नकली ठरवलेल्या चिलीलाही रोज नावं ठेवणारी तिथलीच तोंडं होती, म्हणून ती टेक्सासची अस्सल.

अवघड काळ पावसाळ्याचा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. घरोघरी तेव्हा सोडे, सुकट, खारा बांगडा निघतो. हॉटेलात मात्र भर पावसात सुरमई थाळी मागणारे येतातच, आणि बर्फातली सुरमई कुठून कुठून येतेही. मालक ती आणतात. काकू तिला बनवतात, पण शेजारी सोड्यांची खिचडी शिजत ठेवतात, आणि कोणी ‘आज काय चांगलं आहे?’ असं विचारलंच तर बोट तिकडे करतात. वड्यांचंही तसंच. घरी कोंबडी-वडे सणासुदीला, जावई आला तर. इथे रोज तळावे लागतात. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. “लोकांची सुट्टी, तोच त्यांचा सण,” म्हणाल्या.

खटका उडतो तो सोलकढीच्या रंगावरून. मोबाइलवरच्या फोटोंतली सोलकढी झगझगीत गुलाबी असते. कोकमाचं आगळ जास्त घातलं तर रंग चढतो, पण मग ती पिववत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी बिटाचा तुकडा वाटून घालतात. परवा एका मुलीने वाटी उचलून बघितली आणि विचारलं, “ही ओरिजिनल आहे ना? हिला रंगच नाही.” मालकांनी आत येऊन हळूच सुचवलं की बीट स्वस्त आहे. काकूंनी ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं. मग पाच मिनिटांनी, तवा घासताना, स्वतःहून म्हणाल्या, “पनीर मालवणी लिवायचंय तुम्हाला दिवाळीनंतर, लिवा. पनीरला वाटण कुठलं लागतंय ते बघते मी. पण कढीत बीट घालणार नाय.”

मालकांनी लगेच विचारलं, “मग पनीरला भाजकं की ओलं?”

“आधी आणा तर,” काकू म्हणाल्या. “खाऊन बघू, मग ठरवू.”