उलवे : विमानतळाशेजारच्या घराचा हिशेब

बेलापूरहून उरणच्या दिशेनं निघून पनवेलची खाडी ओलांडली की आम्रमार्गाच्या एका हाताला विमानतळाचं कुंपण लागतं आणि दुसऱ्या हाताला उलव्याचे सेक्टर. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातला हा पट्टा एकेकाळी भातखाचरं, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचा होता: वहाळ, गव्हाण, मोरावे, शेलघर, बामणडोंगरी. गावं अजून आहेत, पण त्यांच्या अंगाला खेटून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा नोड, म्हणजे नियोजित उपनगर, उभा राहिला आहे. मुंबई महानगरात ‘कुठं घेतलं तर भाव वाढेल?’ असं कुणी विचारलं, की पहिल्या चार-पाच नावांत उलवे येतंच. विमानतळ दाराशी, अटल सेतूचा फाटा गव्हाणजवळच्या शिवाजीनगरला, नेरूळ-उरण लोकल नोडच्या पोटातून जाणारी. होर्डिंगवर लिहायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. उलवे वाढणार, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. उपनगर वाढलं म्हणजे त्यातला प्रत्येक फ्लॅट त्याच चालीनं वाढतो, हे गृहीत धरून हजारो कुटुंबं वीस वर्षांचं कर्ज अंगावर घेतात, आणि उलव्याचाच इतिहास त्या गृहीतकाच्या विरोधात साक्ष देतो.

विमानतळाचीच तारीखवार कथा पाहावी. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी २००७ ची. नदीचा प्रवाह वळवण्यावरून आणि खारफुटीवरून झालेल्या वादानंतर पर्यावरण मंजुरी आली नोव्हेंबर २०१० मध्ये. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, तेव्हा पहिलं विमान २०१९ अखेर उडेल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत अठरा वर्षं. या अठरा वर्षांत उलव्यातल्या प्रत्येक सौद्यात विमानतळाचं नाव घेऊन भाव ठरत होता. वर्षाला सात टक्क्यांनी निमूट पडून राहिलेली ठेवसुद्धा अठरा वर्षांत जवळजवळ ३.४ पट होते. तेव्हा ज्यानं सुरुवातीलाच गुंतवणूक म्हणून घर घेतलं, त्याची किंमत दुप्पट-अडीचपट झाली असेल तर तो हसतमुखानं तोट्यात आहे. भाड्याचं उत्पन्न धरलं तरी त्यातून देखभाल, कर आणि कर्जावरचं व्याज वजा करावं लागतं. आणि आज जो घेतो आहे, त्याला विक्रेता तोच विमानतळ दुसऱ्यांदा विकतो आहे. धावपट्टी दिसायला लागल्यावर तिच्याबद्दलची अटकळ संपते आणि अटकळीतून मिळणारा नफाही. यापुढची वाढ व्हायची तर ती तिथं राहणाऱ्यांच्या कमाईतून आणि रोजच्या सोयींतून यायला हवी.

रस्ता, पूल किंवा बंदर आलं की वस्ती आपोआप फुलते, ही समजूत नवी मुंबईत दोनदा तपासून झाली आहे. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे नियोजन होतं, जमीन होती, पूल होता. तरीही पुढची बरीच वर्षं वाशी म्हणजे नाइलाजानं जायची जागा होती. चित्र पालटलं ते घाऊक बाजार मुंबईतून तिकडे हलू लागले तेव्हा, आणि खऱ्या अर्थानं मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाल्यावर. मोटारीच्या पुलानं न केलेलं काम रेल्वेच्या पुलानं आणि भाजी-मसाल्याच्या बाजारानं केलं. दुसरी परीक्षा न्हावा-शेवा बंदराची. ते १९८९ मध्ये सुरू झालं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत गणलं गेलं. त्याला लागूनच सिडकोनं द्रोणागिरीचा नोड आखला. एवढा प्रकल्प शेजारी असूनही द्रोणागिरी तीन दशकं रेंगाळली, कारण बंदरानं आणले ते ट्रेलर आणि गोदामं. शाळा, दवाखाने आणि संध्याकाळी घरी परतणारी गर्दी त्यानं आणली नाही. त्या बाजूला उरणपर्यंत लोकल पोहोचली ती १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्घाटन ज्या दिवशी झालं त्याच दिवशी.

त्या सेतूबद्दल इथंच बोलून टाकू. २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीला उलव्याच्या जवळ आणतो हे खरं, पण तो मोटारीचा पूल आहे आणि सुरुवातीपासून मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये राहिला आहे. महिन्यातले पंचवीस दिवस जा-ये करणाऱ्या माणसानं पास काढला, सवलत घेतली, तरी पेट्रोल धरून होणारा खर्च घराच्या हप्त्याच्या शेजारी मांडून पाहावा. वन बीएचके घेणाऱ्या कुटुंबासाठी हा पूल मुख्यतः जाहिरातीतला फोटो आहे. त्यांचा खरा मार्ग खारकोपर किंवा बामणडोंगरीहून लोकल पकडून नेरूळ-बेलापूरला गाडी बदलण्याचा. आणि या मार्गावर दोन गाड्यांमधलं अंतर हार्बरसारखं नाही. खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. माझ्या मते उलव्याच्या वाढीतली सर्वांत भरीव घटना तीच, जरी तिच्यावर विमानतळाच्या दशांशही शाई खर्च झाली नाही.

भाव वाढायला मागणी लागते हे सगळेच सांगतात. पुरवठा तोकडा असावा लागतो, हे विकणारा सांगत नाही. दादर किंवा पार्ल्याचे भाव टिकून राहतात त्यामागे तिथं नवी जमीन निर्माण होत नाही हे मोठं कारण आहे. उलव्याभोवती मात्र जमीन संपायचं नाव घेत नाही. नोडमध्येच रिकामे भूखंड आहेत. विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांना दिलेल्या विकसित भूखंडांतून पुष्पकनगर उभं राहतं आहे. द्रोणागिरी आहेच. सिडकोनं स्वतः खारकोपर, बामणडोंगरी, तळोजा अशा ठिकाणी हजारोंच्या संख्येनं घरं बांधली. ऑक्टोबर २०२४ च्या एकाच योजनेत सुमारे २६ हजार घरं विक्रीला काढली. त्यापलीकडे पनवेल तालुक्याच्या अंतर्भागात नैना या विमानतळ प्रभावक्षेत्राच्या नगररचना योजना, आणि २०२४ मध्ये एमएमआरडीएकडे सोपवलेलं कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, म्हणजे १२४ गावं आणि ३२३ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर जिल्हे मिळून होणाऱ्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून ही एकच योजना मोठी आहे. ‘आता घेतलं नाही तर पुन्हा मिळणार नाही’ हे वाक्य या परिसरात निव्वळ चुकीचं आहे. मिळत राहील. दहा वर्षांनी आपला जुना फ्लॅट विकायला काढाल तेव्हा समोरच्या सेक्टरमध्ये पोहण्याचा तलाव आणि दोन पार्किंग असलेला नवा फ्लॅट विक्रीला असेल, आणि गिऱ्हाईक आधी तो पाहील.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नोकऱ्यांचा आहे. विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांसाठी आहे, पूर्ण क्षमता नऊ कोटींची; एवढ्या पसाऱ्याला हजारो हात लागणार. ग्राउंड स्टाफ, मालवाहतूक, हॉटेलं, टॅक्सी, सुरक्षा, केटरिंग. त्यांना राहायला जागा हवी, आणि ती चालत किंवा रिक्षानं जाण्याच्या अंतरावर हवी, कारण पाळी रात्री दोनला सुटते. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच उलव्यात भाड्याच्या मागणीबद्दल आशा बाळगायला जागा आहे. पण या कामांतल्या बहुतेकांचे पगार पाहता ही मागणी लहान घरांची आणि बेताच्या भाड्याची असेल. तिच्या जोरावर समुद्रदृश्याच्या तीन बीएचकेची किंमत चढणार नाही. ‘मग अंधेरी कशी झाली?’ असं विचारलं जातं. अंधेरी पूर्वेला विमानतळाच्या जोडीला मरोळची औद्योगिक वसाहत होती, १९७३ पासून सीप्झ हे निर्यातक्षेत्र होतं आणि पश्चिम रेल्वे होती. बेंगळुरूचा नवा विमानतळ २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ सुरू झाला. तिथंही भूखंडांचा गाजावाजा लगेच झाला आणि लोक राहायला यायला बरीच वर्षं गेली, आणि तेही शहराची संगणकक्षेत्रातली नोकरभरती त्या बाजूला सरकल्यावर आले. विमानतळ बाकीच्या गोष्टींना वेग देतो. बाकीच्या गोष्टी नसतील तर तो फक्त आवाज देतो. आवाजाचंही म्हणायचं तर धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत, आणि विमानं वाढत जातील तसा कोणत्या इमारतीला किती त्रास हे आज कुणी ब्रोशरमध्ये छापणार नाही.

हिशेब आकड्यांत मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, कुणीही आपले घालून पाहावेत. समजा घर ८० लाखांचं आणि तसंच घर भाड्यानं २० हजारांत मिळतं. वर्षाचं भाडं २ लाख ४० हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वजा केला की हातात अडीच टक्के किंवा त्याहून कमी उरतात. कर्जाचं व्याज आठ टक्के धरलं, तर घराची किंमत दरवर्षी साडेपाच टक्के वाढली तरच माणूस जिथल्या तिथं राहतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बांधकाम चालू असलेल्या घरावरचा पाच टक्के जीएसटी, दलाली हे यात धरलेलंच नाही. यावर ‘घर शेअर नव्हे, राहायला लागतं’ असं उत्तर येतं, आणि ते मान्यच आहे. पण मग निकषही राहण्याचेच लावायला हवेत. भाव वाढेल या आशेवर गैरसोय विकत घ्यायची आणि भाव वाढला नाही तर ‘राहायलाच घेतलं होतं’ म्हणायचं, हा दोन्हीकडून स्वतःला फसवण्याचा प्रकार झाला.

राहण्याच्या निकषांत पहिला पाण्याचा. उलव्याला पाणी येतं ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून, आणि त्याच नळावर सिडकोचे इतर वाढते नोडही अवलंबून आहेत. हेटवण्याची क्षमता वाढवण्याचं काम सिडकोनं हाती घेतलं आहे. सिडकोच्याच पैशातून बाळगंगा धरण व्हायचं होतं, ते वर्षानुवर्षं अर्धवट राहिलं. वाशी-नेरूळच्या लोकांना नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं मोरबे धरण आहे, आणि दोन भागांतल्या भावाच्या फरकाचं एक कारण त्या धरणात साठलेलं आहे. दुसरा निकष उंचीचा, म्हणजे जमिनीच्या. विमानतळाच्या १,१६० हेक्टर क्षेत्रात उलव्याची टेकडी फोडून भराव घातला गेला, उलवे नदीचा मार्ग बदलला, आणि त्यानंतर डुंगी, पारगाव या शेजारच्या गावांनी पावसाळ्यात घरात शिरलेलं पाणी पाहिलं. नोडमधला प्रत्येक सेक्टर त्या धोक्यात आहे असं नाही. तरी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येतात त्या जुलैच्या दुपारी इमारतीच्या फाटकासमोर काय असतं, हे वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारलेलं बरं. एजंट घर दाखवायला डिसेंबरात नेतो.

या सगळ्यातून उलवे बाद होत नाही. बामणडोंगरी किंवा खारकोपर स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटांच्या आत असलेलं, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेलं, चार-पाच वर्षं लोक राहत असलेल्या सोसायटीतलं घर मी होर्डिंगवरच्या कोणत्याही नव्या टॉवरच्या वर ठेवीन. त्यात जीएसटी नाही, ताब्याची वाट पाहणं नाही, पाणी किती वेळ येतं ते शेजारी सांगतात आणि तशा घराचं भाडं आजच कळतं. स्थानकाजवळची जागा हीच इथली खरी टंचाईची वस्तू. नैनात कितीही जमीन असली तरी खारकोपरच्या फलाटाजवळ ती वाढवता येत नाही. आणि ज्याची नोकरी मुंबईत नसून पुणे, कर्जत किंवा कोकणाच्या वाटेवर आहे, त्यानं उलव्याऐवजी पनवेल शहर पाहावं. जुनी बाजारपेठ, एसटीचं आगार, दवाखाने आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचं जंक्शन तिथं तयार आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग झाला की त्यात भर पडेल. पनवेलला झगमगाट कमी आहे, म्हणून तिथं भावात अपेक्षांचं ओझंही कमी आहे.

कागदपत्रांत मात्र उलव्याची स्वतःची गुंतागुंत आहे. नोडमधल्या अनेक इमारती साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच माणसं गेली; दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा वाटा देण्याची ही योजना आली, आणि विमानतळाला त्यांचंच नाव द्यावं असा ठराव राज्य विधिमंडळानं केला आहे. अशा भूखंडावर मूळ वाटपदार, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार असतो. वाटपदाराचे सगळे वारस त्यात आले आहेत का, जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्यानं असल्यामुळे हस्तांतराचं शुल्क कुणी भरायचं, महारेराची नोंदणी कोणत्या टप्प्याची आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यायला होणारा खर्च एका महिन्याच्या हप्त्याहून जास्त नसतो. गावठाणाच्या कडेला, अर्ध्या किमतीत, ‘ओसी नंतर होईल’ म्हणत विकले जाणारे फ्लॅट याच परिसरात आहेत. त्यांवर मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि दहा वर्षांनी ते विकत घेणाऱ्यालाही देणार नाहीत.